तुरुंगातल्या काठीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या गणेशदुर्गातल्या जेलचं नाव निघालं की आपल्याला 24 जुलै 1943 आठवतो. वसंतदादा साथीदारांसह जेल फोडून निघाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. हे आपण अभिमानाने सांगतो. पण आज आत असलेल्यांची चौकशी कोण करतं?

देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. मारामारीत नाव आलेला, जामीनदार न मिळालेला जतकडचा एखादा पोरगा पहिल्यांदा बरॅकीत जातो. वळकटी संडासाच्या दाराशी टाकायची की भिंतीकडेला, हे तिथला भाई सांगतो. बरी जागा हवी तर पैसे घरच्यांनी बाहेर पोचवायचे. कैदी जास्त, शिपाई थोडे; मग बरॅक शांत ठेवायचं काम दांडग्यांवर सोपवलं जातं. माझ्या मते टोळी इथेच पोसली जाते. मार चुकवायला पोरगा तिच्यात शिरतो आणि सुटल्यावरही तिचाच राहतो. जून 2024 मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात, इतक्या बंदोबस्तात, एका जन्मठेपेच्या कैद्याचा सहकैद्यांनी खून केला.

दुसरी बाजू वर्दीची. दंगा थोपवायला बळ लागतं, पळणाऱ्याला अडवावंच लागतं, आणि तिथल्या शिपायाचा जीवही धोक्यात असतो. पण दंगा शमल्यावर, बसवून ठेवलेल्या माणसावर पडणारी काठी बेकायदाच. 2017 मध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहात अंडी-पावाच्या हिशेबावरून एका महिला कैद्याला झालेली मारहाण तिच्या जिवावर बेतली, असा आरोप झाला आणि सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. अंडी-पाव! इतक्यासाठी!

तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र पाठवलं. नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने तो छळ केल्याचा आरोप होता. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. तुरुंगात तक्रारपेटी असावी, न्यायाधीशांनी स्वतः तुरुंगाला भेटी द्याव्यात, असंही त्या निकालात सांगितलं.

तेव्हा ज्यांचं माणूस आत आहे, त्या आयाबहिणींना सांगते : मुलाखतीला जाल तेव्हा खुशाली विचारून थांबू नका. हात वर करायला लावा, चालायला लावा. वळ, सूज दिसली तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाला कळवा. न्यायालयापुढे वैद्यकीय तपासणीची मागणी लेखी करा. तारखेला पोराने न्यायाधीशांसमोर तोंड उघडायला हवं. व्हिडिओवर हजर करत असतील आणि शेजारी शिपाई उभा असेल, तर वकिलाने प्रत्यक्ष हजर करण्यासाठी अर्ज द्यावा. वकिलाला पैसे नसतील तरी अडत नाही. 1987 च्या कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन करायचा तर क्रमांक लिहून घ्या : 15100.