स्क्रिप्ट पुन्हा चालवायची भीती का वाटते?

नमस्कार. सर्व्हर उभारणारी स्क्रिप्ट मध्येच बंद पडली, तर ती पुन्हा चालवावी की उरलेली कामे हाताने उरकावीत, असा प्रश्न पडत असेल तर ती स्क्रिप्ट अजून अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यावरची ही ओळ पाहा. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन देणाऱ्या एसएसएचच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, लिहिण्यासाठी येथे एको (मजकूर छापणारी आज्ञा) आणि >> (फाइलच्या शेवटी मजकूर जोडणारे चिन्ह) वापरले आहे, त्यामुळे स्क्रिप्ट तीनदा चालवली की तीच ओळ तीनदा उमटते. सर्व्हर उभारणीची कामे आपोआप करणाऱ्या अ‍ॅन्सिबलचे लाइनइनफाइल मॉड्यूल ओळ आधीपासून आहे का हे तपासते; परंतु त्याला रेगएक्स, म्हणजे जुनी ओळ ओळखण्याचा नमुना, दिला नाही, तर पोर्ट २२ वरून २२२२ करताना जुनी ओळ तशीच राहते आणि नवी तिच्या खाली जाऊन बसते. एसएसएच सर्व्हरला एकाहून अधिक पोर्ट चालतात, त्यामुळे तो कसलीही तक्रार न करता दोन्ही उघडे ठेवतो. बंद केले असे आपण समजत असलेले दार उघडेच असते!

शेलच्या आज्ञा चालवणाऱ्या शेल मॉड्यूलला क्रिएट्स हा पर्याय जोडला की दिलेली फाइल असल्यास ते काम वगळले जाते. मात्र क्रिएट्स फक्त फाइलचे अस्तित्व पाहते, ती पूर्ण आहे का हे पाहत नाही. म्हणून डाउनलोड तात्पुरत्या नावाने करावे आणि ते पूर्ण झाल्यावरच, त्याच फाइलसिस्टिममध्ये, एमव्ही या नाव बदलणाऱ्या आज्ञेने खरे नाव द्यावे.

मला सर्वांत फसवा वाटतो तो हँडलर, म्हणजे बदल झाल्याची नोंद झाली तरच नंतर चालणारे काम (उदा. सर्व्हिस रीस्टार्ट करणे). कॉन्फिग बदलली, रीस्टार्टची नोंद झाली आणि हँडलरची पाळी येण्याआधीच पुढचे एखादे काम फसले, असे समजा. दुसऱ्या वेळी कॉन्फिग आधीच बरोबर असल्यामुळे रीस्टार्टची नोंदच होत नाही. अहवाल हिरवा दिसतो आणि सर्व्हिस जुन्याच सेटिंगवर चालत राहते. यासाठी काम फसले तरी नोंदलेले हँडलर चालवणारे फोर्स हँडलर्स चालू ठेवावे किंवा कॉन्फिग बदलल्यावर लगेच, नोंदलेले हँडलर तिथेच चालवणारे फ्लश हँडलर्स लावावे.

पडताळणीसाठी प्लेबुक, म्हणजे कामांची यादी असलेली फाइल, लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी अहवालात चेंज्डपुढे (बदललेल्या कामांच्या संख्येपुढे) ० यायला हवा. काम बदल मानायचे की नाही हे ठरवणाऱ्या चेंज्ड व्हेनला सरसकट फॉल्स देऊनही हा शून्य मिळवता येतो, आणि अनेक जण तसे करतातही. परंतु मग खरोखर बदल करणारे कामसुद्धा त्या शून्याआड दडते.