पहार सापडली, चोर सापडला का?

(अंबाजोगाईत सेवा केंद्र चालवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

देवगिरीची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा धान्याची म्हणून पोती घाईघाईनं गडावर चढवली. वेढा पडल्यावर उघडली, तर आत मीठ निघालं, असं सांगतात. कडा अभेद्य होता. पण पोती आपल्याच माणसांनी खांद्यावर आत नेली होती. ट्रोजन, म्हणजे कामाचा वाटावा असं सोंग घेऊन कॉम्प्युटरमध्ये शिरणारा घातक प्रोग्रॅम, असाच आत येतो.

प्लगइनच्या, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या प्रोग्रॅमच्या, भोकातून येणारा ट्रोजन याहून वाईट. तिथं पोतं आपण उचलतही नाही, ब्राउझरच उचलतो. पूर्वी ब्राउझरला व्हिडिओ दाखवणं, डिजिटल सही करणं एकट्यानं जमत नसे. म्हणून फ्लॅश, जावा असे बाहेरचे प्रोग्रॅम त्याला जोडले. जावाचा तुकडा कुंपणात चालावा, कॉम्प्युटरच्या बाकी फायलींना त्यानं हात लावू नये, असा नियम होता. २०१२-१३ मध्ये त्या कुंपणाला एकामागून एक भोकं निघाली. चांगल्या साइटच्या पानात कुणीतरी एक न दिसणारी चौकट घुसवायचं. तुम्ही पान उघडलं की ती चौकट विचारायची, जावा कोणतं, फ्लॅश कोणतं? जुनं सापडलं की त्याला लागू पडणारी किल्ली फिरवायची. ब्लॅकहोल नावाचा असा किल्ल्यांचा जुडगा तर भाड्यानं मिळायचा. त्याचा कर्ता २०१३ साली रशियात पकडला गेला.

आणि ॲपलचा मॅक कॉम्प्युटर असला म्हणून सुटका नव्हती. २०१२ च्या एप्रिलमध्ये फ्लॅशबॅक ट्रोजननं सहा लाखांहून जास्त मॅक धरले. जावाच्या त्या भोकाला जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीनं फेब्रुवारीतच ठिगळ लावलं होतं, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट काढला होता. ॲपलचं ठिगळ मॅकवाल्यांपर्यंत आलं एप्रिलमध्ये. मधल्या काळात दार उघडं होतं.

आपल्याकडे हे दार कशामुळं उघडं राहिलं, ते मी लातूरला दुरुस्तीच्या टेबलावर वर्षानुवर्षं बघितलं. निविदा भरायची, डोंगलनं, म्हणजे डिजिटल सहीच्या यूएसबी काडीनं, सही करायची, तर जुनंच जावा लागायचं. नवं टाकलं की सही होईना. मग गुत्तेदार म्हणायचे, "भाऊ, अपडेट बंदच करून टाका." मीही केलंय बंद, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण निविदा भरून झाली की त्याच कॉम्प्युटरवर पोरं गाणी शोधायची, आणि त्याच्याच डेस्कटॉपवर शेतकऱ्यांची आधार कार्डं, पासबुकं स्कॅन करून पडलेली असायची. जुनं जावा ठेवणं भागच असेल, तर तो कॉम्प्युटर तेवढ्याच कामाला ठेवा. सही झाली की डोंगल काढून खिशात.

आता सफाई. इथं एक चूक हमखास होते. अँटीव्हायरस सांगतो, जावाच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या साठ्यात, अमुक फाइल सापडली, काढली. आपण निर्धास्त होतो. अहो, ती फाइल म्हणजे दार फोडायची पहार! पहार सापडली म्हणजे चोर सापडला असं नाही. जावा नवं असेल, तर पहार बहुधा चालली नसेल. जुनं असेल, तर चोर आत आहे असंच धरून चाला.

आधी नेट तोडा, वायर काढा, वायफाय बंद करा. त्या कॉम्प्युटरवर एकही पासवर्ड टाकू नका. मग जावाच्या कंट्रोल पॅनेलमधून तात्पुरत्या फायली पुसा आणि प्रोग्रॅम्सच्या यादीतून जावा काढा. नीट बघा, पूर्वी नवं जावा आलं तरी जुनं तिथंच राहायचं. तीन-तीन आवृत्त्या मी एका कॉम्प्युटरवर काढल्या आहेत. त्यानंतर विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. विंडोज चालू असताना ट्रोजन लपू शकतो, अँटीव्हायरस बंद पाडू शकतो. हा स्कॅन विंडोज उठायच्या आधी चालतो, म्हणून मला त्याचा भरवसा जास्त. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची साधनं फुकट मिळतात. शेवटी स्टार्टअपची यादी, ठरल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणारा टास्क शेड्युलर, प्रॉक्सीची (नेट दुसऱ्याच कॉम्प्युटरमार्गे वळवणारी) सेटिंग आणि ब्राउझरची एक्स्टेन्शनं, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासा. बँकेचं काम होत असलेला कॉम्प्युटर असेल, तर मी एवढ्यावर थांबत नाही. कागदपत्रं तेवढी काढून घेतो, .exe, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, एकही नाही, आणि विंडोज नव्यानं टाकतो.

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. क्रोमनं जावाचं प्लगइन २०१५ मध्येच बंद केलं. तरी "फ्लॅश अपडेट करा" अशी पाटी आजही कुठं दिसली, तर ते मिठाचं पोतं समजा. हल्ली तीच जागा एक्स्टेन्शनांनी घेतली आहे. पान वाचायची परवानगी त्यांना आपणच देतो.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून. खात्यातून पैसे गेले असतील, तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. आणि ज्यांची पासबुकं त्या कॉम्प्युटरवर होती, त्यांना त्याच दिवशी कळवा. मी एकदा असं कळवायला औशाजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. म्हाताऱ्या आजीनं पासबुक पुढं केलं आणि विचारलं, "बाबा, माझं अनुदान हाय ना त्यात?" होतं. आम्ही तिथूनच बँकेत फोन करून व्यवहार थांबवायला सांगितले.