‘सगळं ठीक आहे’च्या पुढची बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

दूरच्या माणसाशी फोनवरची पहिली वाक्यं ठरलेली असतात. ‘कसे आहात?’ ‘सगळं ठीक आहे.’ मग तिकडचं हवापाणी, इकडचं हवापाणी, ‘बाकी काय विशेष?’, ‘विशेष काही नाही’, आणि फोन ठेवला जातो. बोलणं झालं, पण कळलं काहीच नाही, अशी हुरहुर दोन्हीकडे मागे राहते. या ‘ठीक आहे’च्या पुढे कसं जायचं, याबद्दल आज बोलू या.

बहुतेक वेळा दोष प्रश्नाचा असतो. ‘कसे आहात?’ असं विचारलं की ऐकणारा साऱ्या महिन्याची गोळाबेरीज करतो आणि एका शब्दात उत्तर देतो. त्याच्या जागी एखाद्या दिवसाबद्दल, एखाद्या वस्तूबद्दल विचारून पाहा. ‘काल दुपारी झोप लागली का?’ ‘गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना?’ ‘चष्म्याचा नंबर काढून आणला होतात, नवा चष्मा आला का? वाचायला बसतोय ना नीट?’ या प्रश्नांना ‘ठीक आहे’ हे उत्तर बसतच नाही.

पण असं विचारायचं तर मागच्या वेळचं बोलणं लक्षात हवं, आणि ते राहत नाही. त्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक घराच्या नावाने एक पान ठेवा. फोन झाला की तारीख टाकून तीन ओळी लिहा: त्यांनी काय सांगितलं, काय अर्धवट राहिलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. ‘आत्याच्या डोळ्याची तपासणी १२ तारखेला’ एवढं लिहिलेलं असेल तर १३ तारखेला आपोआप फोन जातो. आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलं आहे, हे त्या एका प्रश्नातून आत्यापर्यंत पोचतं.

आता सांगणाऱ्याबद्दल. आपल्याकडे सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं त्याला वाटत असतं, आणि इथेच चूक होते. दूर गेलेल्या माणसाच्या मनात घर तो निघाला त्या दिवशी होतं तसंच थांबलेलं असतं. कपाट त्याच भिंतीला, किल्ल्या त्याच खिळ्याला, शेजारचं बाळ अजून रांगतंच आहे. दोन वर्षांनी तो येतो, अंधारात दिव्याचं बटण चाचपतो आणि हाताला नुसती भिंत लागते. त्या क्षणी त्याला आपण पाहुणे झालो असं वाटतं. म्हणून कपाट हलवलं तर सांगा. दाराचा रंग बदलला, अंगणातलं झाड तोडावं लागलं, कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं, शेजारचं बाळ शाळेत जायला लागलं, हे सगळं सांगा. आणि दूर राहणाऱ्यानेही हेच करावं. कामावर जाताना कुठे वळावं लागतं, खिडकीतून काय दिसतं, सोबत कोण बसतं, त्याचं नाव काय, हे एकदा नीट सांगितलं की पुढच्या प्रत्येक बातमीला घरच्यांच्या डोळ्यांपुढे जागा मिळते.

आता कानांकडे वळू, कारण कितीतरी घरांतलं बोलणं इथेच तुटतं. वयस्क माणूस फोनवर सारखं ‘काय?’ विचारतो, आपण आवाज चढवतो, तो दुखावतो आणि ‘बरं, ठेवतो’ म्हणतो. यामागचं कारण समजून घेतलं तर राग येणार नाही. जुन्या पद्धतीचा टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे पाठवतो. ‘स’सारख्या व्यंजनाचा बराच भाग या पट्ट्याच्या वर असतो, तो तारेतच गळतो. आणि वय वाढलं की माणसाचं ऐकणं कमी होतं तेही आधी याच वरच्या पट्टीतलं. म्हणजे एकाच जागी दोनदा कात्री लागते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं हरवतात. ‘साठ’ म्हटलं तर ‘आठ’ ऐकू जातं. ओरडून बोललं की मोठे होतात ते मुख्यतः स्वर, आणि ते तर आधीपासून ऐकू येतच होते.

मग करायचं काय? आवाज नेहमीचाच ठेवून वेग थोडा कमी करा. विषयाचं नाव आधी घ्या: ‘आता ताईबद्दल सांगते’, आणि क्षणभर थांबून पुढचं बोला. विषय कळला की ऐकणारा हरवलेले शब्द स्वतःच भरून काढतो. ‘काय?’ आलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. ‘उद्या दाखवायला जायचंय’ कळलं नाही तर ‘उद्या सकाळी डॉक्टरांकडे तपासणी आहे’ म्हणा. आकडे सुटे सांगा, ‘साठ’ऐवजी ‘सहा, शून्य’. तारखेसोबत वार सांगा, आणि त्यांच्याकडून एकदा उलट म्हणवून घ्या. इंटरनेटवरून लावलेल्या कॉलमध्ये आवाजाचा पट्टा बहुधा याहून बराच रुंद असतो, म्हणून साध्या फोनवर चाचपडणारे आजोबा तिथे अचानक नीट बोलू लागतात. कानामागे बसणारं श्रवणयंत्र असेल तर त्याचा माइक कानाच्या वरच्या बाजूला असतो. फोन कानाच्या भोकाशी धरला तर आवाज माइकपर्यंत नीट पोचत नाही. फोन जरा वर सरकवून, थोडा तिरका धरायला सांगा. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर फोन यंत्राला फार चिकटला आहे असं समजावं.

व्हिडिओ कॉलमध्ये ओठ दिसतात, आणि ऐकणं कमी झालेल्या माणसाला ओठांचा मोठा आधार असतो. पण ओठ दिसायला हवेत. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसा. फोन हातात धरू नका. चार पुस्तकांना टेकवून डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर उभा करा. चित्र अडखळू लागलं तर आधी कॅमेरा बंद करा. आवाजाला लागणारा डेटा चित्राच्या मानाने फारच थोडा असतो, त्यामुळे निदान बोलणं तरी वाचतं.

दोघं एकदमच बोलतात, मग दोघंही एकदमच गप्प होतात, असंही होतं. त्यात कुणी उतावीळ असतो असं नाही. आवाज पोचायला एका दिशेने सेकंदाच्या दीड दशांशापेक्षा, म्हणजे १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की संभाषणाची लय बिघडते. आवाज ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्गे जात असेल तर एका बाजूलाच सुमारे पाव सेकंद जातो. आपलं वाक्य संपलं की मनात ‘एक’ म्हणून थांबायचं, एवढ्याने हे सुधारतं.

वेळेचा गोंधळ वर्षातून दोनदा होतो. काही देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, काही करत नाहीत, आणि करणाऱ्यांचे दिवसही एक नसतात. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपातल्या बहुतेक देशांत हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणून लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला नेहमीचा ५ तासांचा फरक मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा ४ तासांचा होतो. सिडनीचे ऋतू उलटे, त्यामुळे लंडनशी तिचा फरक वर्षभरात ९, १० आणि ११ तास असा फिरतो. यावर एकच सोपा उपाय आहे. फोनची वेळ एकाच्या घड्याळाने ठरवायची, आणि तो एक म्हणजे घरी वाट पाहत बसणारा, वयाने मोठा माणूस. आजीची संध्याकाळी ६ची वेळ वर्षभर ६चीच राहील, तास पुढेमागे करण्याचं काम नातवाचं. कुणाला हिशेब करत बसायचं असेल तर ते तरुणांनी करावं.

आता आजारपणाची बातमी. ती चांगल्या मनाने, पण वाईट तऱ्हेने सांगितली जाते. ‘घाबरू नकोस’ अशी सुरुवात केली की समोरचा तिथेच घाबरतो आणि पुढचं नीट ऐकत नाही. ‘वेळ मिळाला की फोन कर’ एवढाच निरोप ठेवणं त्याहून वाईट. कामाच्या मधल्या चार तासांत तो माणूस काय काय कल्पना करतो, याचा विचार करा. पहिल्याच वाक्यात काय झालं आणि आता काय स्थिती आहे, ते सांगा. ‘बाबा सकाळी न्हाणीघरात पडले, मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय, शुद्धीवर आहेत, बोलतायत.’ मग काय ठरलंय ते, आणि शेवटी पुढची बातमी कधी: ‘रात्री ९ला डॉक्टर येतील, त्यानंतर मी फोन करते.’ आणि ९ नंतर खरोखरच करा. नवीन काही नसलं तर ‘नवीन काही नाही’ हे सांगण्यासाठी करा. शक्य तिथे आकडे सांगा. ‘ताप बराच आहे’ म्हणजे किती, ते हजार मैलांवर कळत नाही, ‘दुपारी १०२, आता १००’ हे कळतं. मुलाला, बहिणीला, भावाला आधी स्वतः फोन करा, कुटुंबाच्या ग्रुपवर मग टाका. सख्ख्या मुलीला वडिलांची बातमी एखाद्या चुलत भावाच्या मेसेजमधून कळली, तर ते दुखणं वर्षानुवर्षं राहतं. आणि मध्यरात्री चुकून फोन लागला असेल तर लगेच दोन शब्द लिहा: ‘चुकून लागला, सगळे बरे.’

‘त्याला कशाला सांगायचं, लांब आहे, काळजी करत बसेल’, असं म्हणून बातमी लपवणारी घरं पुष्कळ आहेत. हे प्रेमापोटीच होतं. पण एकदा लपवलेलं उघड झालं की पुढच्या प्रत्येक ‘ठीक आहे’वर संशय बसतो, आणि मग खरोखर ठीक असतानाही त्याला झोप लागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री सांगू नये, दोन दिवस थांबावं, इतपत समजू शकतं. पण शस्त्रक्रियेची बातमी ती होऊन गेल्यावर नव्हे, आधीच सांगावी. आई जाण्यापूर्वी तिच्याशी बोलायची संधी त्याच्याकडून हिरावून घ्यायचा हक्क कुणालाच नाही.

जवळ राहणारं आणि दूर राहणारं भावंड, यांच्यातला ताणही इथेच सांगायला हवा. दूरचा भाऊ काळजीने विचारतो, ‘औषध वेळेवर देतेस ना? दुसऱ्या डॉक्टरांना का दाखवलं नाही?’ दिवसभर राबलेल्या बहिणीला ती झडती वाटते. आधी ‘ताई, आज तुझी झोप झाली का?’ हे विचारा. मग लांबून करता येण्यासारखी कामं स्वतःकडे घ्या: बिलं भरणं, तपासणीची वेळ घेणं, विम्याचे कागद, औषधांची यादी. यादीत औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कशासाठी, कधीपासून, एवढं हवं. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे तेही लिहा. औषध बदललं की यादीवर नवी तारीख टाकून ती सगळ्यांना पाठवा, आणि जुनी फाडून टाका. दोन याद्या घरात असणं हे एकही नसण्यापेक्षा धोक्याचं असतं.

लहान मुलांना फोनपुढे उभं करून ‘बोल आजीशी’ म्हटलं की ती आक्रसतात. त्यांच्या हातात दाखवायला काहीतरी द्या, काढलेलं चित्र, पडलेला दात. नाहीतर आजी रोज एकाच गोष्टीची दोन पानं वाचू दे. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

पत्र अजून जातं, आणि उशीखाली ठेवता येतं ते पत्रच. जागतिक टपाल संघ १८७४ साली स्थापन झाला, आणि एका देशातलं तिकीट लावलेलं पाकीट दुसऱ्या देशाच्या दारात पोचतं ते त्या व्यवस्थेमुळे. परदेशी पत्त्यात देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहा. फोटो पाठवलात तर मागे मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून वर्ष, जागा आणि डावीकडून नावं लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मोबाइलवरून पाठवलेला फोटो बहुतेक ॲप लहान करून पाठवतात. छापून घ्यायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

प्रत्येकाचा नंबर अधिक चिन्ह आणि देशाचा क्रमांक लावूनच साठवा, म्हणजे कुठूनही लागतो. स्थानिक नंबराआधीचं शून्य बहुतेक देशांत गाळायचं असतं, इटलीच्या लँडलाइनचं मात्र ठेवायचं. हेच नंबर एका कागदावरही लिहून ठेवा, सोबत दोन्हीकडच्या एकेका शेजाऱ्याचा. फोन उचलला गेला नाही तर किती तास थांबायचं आणि मग कुणाला दार वाजवायला सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक गोष्ट, अलीकडे फार गरजेची झालेली. ओळखीच्या आवाजात फोन येतो: ‘मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा, कुणाला सांगू नका.’ थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून माणसाच्या आवाजाची नक्कल आता संगणकावर करता येते, म्हणून आवाज ओळखीचा आहे हा पुरावा धरू नका. फोन ठेवा आणि आपल्या कागदावरचा नंबर स्वतः फिरवा. तो लागला नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. घरच्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवावा. पाळलेल्या कुत्र्याचं नाव किंवा जन्मगाव नको, कारण ते समाजमाध्यमांवर सापडतं. आणि तो शब्द फोनवर किंवा मेसेजमध्ये ठरवू नका, पुढच्या भेटीत समोरासमोर बसून ठरवा, आजी-आजोबांकडून दोनदा म्हणवून घ्या.

नमस्कार.