चौथ्या मजल्यावरून खाली

(दृश्य : रिकामा जिना, वरून खाली. लोखंडी कठडा. कुठेतरी दार आपटल्याचा आवाज.)

या जिन्याला ७२ पायऱ्या आहेत. मजल्यामागे १८, मध्ये एक वळण. माझ्या नव्या कादंबरीतली बाई इथूनच खाली पळणार आहे. वर तिच्या घराचं दार फोडलंय आणि तिच्या कडेवर भावाचा सात वर्षांचा मुलगा आहे. छापलेल्या पुस्तकात हा प्रसंग अडीच पानांत संपेल. मला त्याला पाच आठवडे लागले.

(दृश्य : लेखिका पाठीवर बॅग घेऊन उतरते. हातात स्टॉपवॉच.)

पहिल्यांदा मी मोकळ्या हातांनी उतरले. ४१ सेकंद. मग बॅगेत २० किलो वजन भरलं. सात वर्षांचं मूल साधारण तेवढं भरतं. आता लागली ७६ सेकंद. पण आकड्यापेक्षा हा क्षण बघा, दुसऱ्या वळणावरचा. तोल गेला आणि माझा उजवा हात आपोआप कठड्याकडे गेला. म्हणजे मुलाला धरायला तिच्याकडे एकच हात उरतो. टेबलाशी बसून हे मला सुचलं नसतं. त्या दिवशी घरी आल्यावर आधीचा सगळा मजकूर मी बाजूला ठेवला आणि प्रसंग त्या उजव्या हातापासून पुन्हा सुरू केला.

(निवेदन नाही. फक्त पावलांचा आणि श्वासाचा आवाज. १० सेकंद.)

(दृश्य : फरशीवर खडूने काढलेला नकाशा. कॅरमच्या सोंगट्या.)

पांढरी सोंगटी ती. काळी सोंगटी तिच्या मागावरचा माणूस. राणी म्हणजे मूल, म्हणून ती कायम पांढरीला चिकटून. एक वाक्य लिहायचं, एक सोंगटी हलवायची. कोण कुठे उभा आहे हे मला ठाऊक नसेल, तर वाचणाऱ्याला कसं कळणार? मारामारीच्या पानावर वाचक कंटाळतो तो बहुतेकदा इथे. हाणामारी कमी पडते म्हणून नाही. खोली किती मोठी, दार कुणाच्या पाठीमागे, हेच त्याला सांगितलेलं नसतं. नुसते हात-पाय हवेत फिरत राहतात.

(दृश्य : जुन्या मासिकाचं पान. कडा तपकिरी. बोट लागताच कोपऱ्याचा तुकडा गळतो.)

हा अंक नव्वद वर्षांहून जुना आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहून जातं, हवा आणि उजेड लागला की कागद तांबूस होतो, मग असा तुटायला लागतो. १८९६ मध्ये अमेरिकेत फ्रँक मन्सी यांनी 'आर्गसी' हे मासिक अशा कागदावर, फक्त कथांनी भरून काढायला सुरुवात केली. किंमत दहा सेंट. पुढे या प्रकारच्या मासिकांना कागदावरूनच 'पल्प', म्हणजे लगदा, हे नाव पडलं. लेखकाला मोबदला शब्दावर मिळायचा, अनेकदा शब्दाला एक सेंट. 'ब्लॅक मास्क' हे असंच एक मासिक १९२० साली निघालं. त्यात लिहिणारा डॅशिएल हॅमेट आधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. पाळत ठेवणं त्याने पगारावर केलेलं होतं. त्याच्या कथांमधली माणसं पाठलाग करताना ताटकळतात, त्यांचे पाय दुखतात, हे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. १९५० च्या दशकात ही मासिकं एकामागोमाग बंद पडली.

(दृश्य : टेबलावर पुस्तकांची चळत. समासात पेन्सिलीची टिंबं.)

पाठलाग-मारामारीची पुस्तकं मी दोनदा वाचते. पहिल्या वाचनात फक्त गोष्ट. जिथे पान उलटायची घाई होते, तिथे समासात एक टिंब. दुसऱ्या वाचनात त्या टिंबापासून चार पानं मागे जाते, कारण घाईची पेरणी तिथे झालेली असते. कुणीतरी सहज म्हणून गेलेलं असतं, की मागच्या दाराची कडी नीट लागत नाही.

आणि काही वेळा तर मारामारी दाखवलेलीच नसते. कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यावर, मोरियार्टी या शत्रूशी झुंजताना, संपवलं. हेरकथांमधली ही सर्वांत गाजलेली झुंज असेल. वाचणाऱ्याच्या हाती त्यातलं काय लागतं? होम्सचा मित्र वॉटसन परत येतो तेव्हा खडकाला टेकवून ठेवलेली काठी. ओल्या वाटेवर दोन माणसांची पावलं, दोन्ही कड्याकडे गेलेली, एकही परत न आलेलं. कड्याजवळ तुडवलेला चिखल. आणि सिगारेटच्या चांदीच्या डबीखाली ठेवलेली चिठ्ठी. एक ठोसा नाही, एक आरोळी नाही. वाचकांनी होम्सचा ध्यास सोडला नाही, आणि १९०३ मध्ये डॉयलला त्याला जिवंत करावं लागलं. मी हा भाग किती वेळा वाचला असेन! प्रत्येक वेळी त्या चिखलापाशी थांबते.

(दृश्य : हस्तलिखिताचं पान, अगदी जवळून. लाल शाईच्या खुणा.)

आता भाषेकडे येऊ. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि या लेखनाला ही मोठी देणगी आहे. 'त्याने उशीखालचा सुरा डाव्या हाताने हळूच...' इथपर्यंत कुणालाच माहीत नसतं, की सुरा काढला, सरकवला की टाकून दिला. शेवटच्या शब्दापर्यंत वाचणाऱ्याचा जीव टांगलेला.

पण हे लाल शाईतलं वाक्य बघा. 'धावत जाऊन, वळून, कठडा पकडून, उडी मारून ती खाली उतरली.' पाच कृती आणि पुरं क्रियापद एकच. पहिल्या चार कृती एकमेकींना ढकलत निघून गेल्या, डोळ्यांपुढे एकही उभी राहिली नाही. शेवटच्या खर्ड्यात त्याचं असं झालं : 'ती वळली. कठडा हाताला लागला नाही.' बस. उडी काढूनच टाकली.

पहिल्या खर्ड्यात याच पानावर सटकन, गर्रकन, धाडकन असले अकरा शब्द होते. आता एकच उरलाय, 'खाडकन'. तो कडी पडते तेव्हासाठी राखून ठेवलाय.

(दृश्य : लेखिकेचा हात, किल्ली, कुलूप. किल्ली दोनदा घसरते.)

भीती लिहायची तर शरीर ठाऊक हवं. भ्यालेल्या माणसाच्या मोठ्या स्नायूंना बळ येतं, पण बोटं बारीक कामात दगा देतात. नजर अरुंद होते, बाजूचं दिसेनासं होतं. एरवी झोपेतही उघडेल असं कुलूप उघडत नाही. 'ती खूप घाबरली होती' हे वाक्य मी माझ्या लेखनातून कायमचं काढून टाकलंय. किल्ली दोनदा घसरली, की वाचणाऱ्याला कळतं.

(दृश्य : रहस्यकथांच्या जुन्या प्रती, फाटकी मुखपृष्ठं, सेलोटेपने जोडलेले कणे.)

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं घरोघरी पोचली. कित्येकांना वाचनाची गोडी या पुस्तकांनी लावली, आणि वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांना जेमतेम जागा मिळाली. मला याचा राग येतो. एका संपादकांनी माझं पहिलं हस्तलिखित परत करताना सांगितलं होतं, हात चांगला आहे, आता काहीतरी गंभीर लिहा. जीव मुठीत धरून पळणाऱ्या बाईपेक्षा गंभीर काय असतं, हे मला त्या दिवशीही समजलं नाही. या प्रती बघा. किती हातांतून गेल्या असतील! न वाचलेल्या पुस्तकाला सेलोटेप लागत नाही.

(दृश्य : पुन्हा जिना. लेखिका शेवटच्या पायरीवर बसून हस्तलिखित मोठ्याने वाचते.)

प्रत्येक खर्डा मी इथे बसून मोठ्याने वाचते. जिथे दम अपुरा पडतो, तिथे पूर्णविराम. पाठलाग करणारा माणूस तिसऱ्या वळणावर पडतो, त्याचा घोटा मोडतो, पण तो यायचा थांबत नाही. कादंबरीत त्याच्या घोट्याला एकच वाक्य आहे.

(दृश्य : तळमजल्याचं दार. लेखिका बाहेर ढकलते, दार हलत नाही. मग आत ओढते.)

हे दार आतल्या बाजूला उघडतं. माझ्या लक्षात आलं ते चौथा खर्डा झाल्यावर. तोवर ती धावत येऊन दार बाहेर ढकलायची आणि सुटायची. आता तिला ते ढकलून उघडता येत नाही. मूल कडेवर, कठडा सुटलेला, वरून एक पाय ओढत येणारा आवाज. दार ओढायला जागा हवी, म्हणून ती दोन पावलं मागे सरकते. त्याच्या दिशेने.

(दृश्य काळं. कडीचा आवाज.)