गच्चीवरचा क्रूस

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात सोलापुरात रात्री घरात बसवत नाही, निम्मं गाव गच्चीवर असतं. कैक वर्षांत चर्चची पायरी न चढलेले शेजारी आणि आपलेच भाचे-पुतणेही तिथेच असतात. मंडळीतल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यांना उपासनेला बोलावण्याआधी एकदा तारे बघायला बोलवा.

साधं बायनॉक्युलर पुरतं. त्यावर ७×५० लिहिलेलं असेल, तर सातपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ५० मिलिमीटरची आहेत. दहापटीच्या पुढे जाऊ नका, हात हलला की तारे नाचतात. कोपरं कठड्यावर टेका आणि मोबाईल खिशात ठेवा.

अंधार पडला की पश्चिमेला पुष्य नक्षत्र शोधा. नुसत्या डोळ्यांना तिथे धुरकट डाग दिसतो. तो चाळीसहून अधिक ताऱ्यांचा पुंज आहे, असं गॅलिलिओने १६१० साली लिहिलं. तुम्हालाही ते तारे सुटे दिसतील.

नऊच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून थोडा वर, त्रिशंकू असतो. चार ताऱ्यांचा क्रूस! ख्रिस्ताच्या काळी तो यरुशलेमेतून पूर्ण दिसत असे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेत डोलतो, त्यामुळे तिथल्या आकाशात तो खाली गेला. सोलापूर बरंच दक्षिणेला, म्हणून आपल्याला आजही दिसतो. पण याला दैवी खूण म्हणून कुणाच्या गळी उतरवू नका. जे खरं आहे तेवढंच पुष्कळ सुंदर आहे.

आणि पाहुण्यांना आधीच सांगा, आम्ही चर्चची माणसं, शेवटी आठवं स्तोत्र वाचणार, थांबावंसं वाटलं तर थांबा. चंद्र-तारे पाहून दावीद तिथे देवाला विचारतो, तू ज्याची आठवण ठेवावीस असा माणूस आहे तरी कोण? दुर्बीण खाली ठेवताना पुष्कळांच्या मनात हेच येतं. त्यावर ते बोलू लागले, तर आपण ऐकावं. आडून केलेलं प्रवचन लगेच ओळखू येतं, आणि तो माणूस पुन्हा येत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी. आपल्या गच्चीवरही तशीच मोकळीक हवी.

गावाबाहेर जाणार असाल, तर अमावास्येच्या आसपासची रात्र धरा आणि हिप्परग्याऐवजी मंद्रूपच्या बाजूला जा. हिप्परग्याहून दक्षिणेला शहराचे दिवे येतात, त्यात त्रिशंकू हरवतो.