फडावर न गेलेली आजी

सकाळचे सहा वाजलेत. बीड जिल्ह्यातलं, धारूरकडचं, बालाघाटच्या डोंगरातलं एक गाव, आणि ही आजी करडीच्या तेलाची वाटी घेऊन उन्हाच्या कोपऱ्यात बसलीय. तेल आधी तळहातावर चोळून कोमट करायचं, मग टाळू, मग छाती, मग पाय लांब करून त्यावर लेकराला पालथं घालून पाठ. लेकरू पावणेदोन वर्षांचं, आता पायावर मावत पण नाही, तरी आजी तसंच न्हाऊ घालते. पाणी किती गरम ते कोपर बुडवून बघते, बोटाला चुलीची सवय असते ना, बोटाला चटका कळत नाही.

आता भाकरीची वेळ. हे नीट बघा. जुन्या लुगड्याचा काठ फाडून केलेली पट्टी, एक टोक लेकराच्या कमरेला, दुसरं बाजेच्या खुराला. लांबी मोजून ठेवलीय, लेकरू रांजणापर्यंत जातं, कोंबडीच्या मागं दोन पावलं पळतं, पण चुलीपाशी काही पोचत नाही. मधेच आजी भाकरीचा पापुद्रा काढून दुधात कुस्करते, एक घास भरवते, परत थापायला बसते.

शेजारच्या दारांना कुलपं दिसतायत. आम्ही पोचलो तेव्हा दिवाळी होऊन महिना झाला होता, ऊसतोडीच्या टोळ्या कधीच गेल्या होत्या. लेकराचे आईबाप कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेत. तिथं कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली ती दोघांच्या नावावर, त्यामुळं आईला घरी थांबता येतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखाने पेटतात ते मार्च-एप्रिलपर्यंत, आणि तेवढे महिने आजीची ड्युटी.

ही आजी स्वतः पंचवीस-तीस हंगाम फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, गेलेली आहे. ह्या लेकराचा बाप पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, रांगायला शिकला, पहाटे चारला थंडीत ती त्याला गोधडीत गुंडाळून फडात न्यायची, बांधावर झोळी टांगायची, मोळी बांधायची, परत झोळीकडं बघायचं, परत मोळी. ट्रॅक्टर मागं घेताना जीव नुसता टांगणीला लागायचा म्हणते. म्हणून यंदा निघायच्या आधीच तिनं सुनेला सांगून टाकलं की लेकरू माझ्यापाशी ऱ्हाईल.

आता गावात सोय काय आहे तर हंगामी वसतिगृह, पण ते शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी. अंगणवाडीत गरम जेवण तीन वर्षांच्या पुढं, त्याच्या आतल्या लेकराला घरी न्यायची पाकिटं. म्हणजे ह्या वयाच्या लेकराचं पाळणाघर कोण, तर ही आजी, बिनपगारी. आपल्या चहातल्या साखरेमागं तोडणी आहे, वाहतूक आहे, तसे हे दोन हात पण आहेत, आणि ते कुठल्याच हिशोबात धरलेले नाहीत. फडाजवळ नाहीतर गावात एक पाळणाघर पाहिजे, हे आम्ही परत परत म्हणणार.

खुंटीला अडकवलेल्या ह्या पिशवीत लसीकरणाचं कार्ड आहे. आजीला वाचता येत नाही, पण आशाताईनं पेनानं गोल करून दिलाय, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, तेवढा गोल ती बरोबर दाखवते. तिचे स्वतःचे गुडघे गेलेत, मजुरी सुटलीय, दवाखाना हंगाम संपल्यावर.

संध्याकाळी आजोबा शेळ्या घेऊन येतात. गाडी भरून झाली की सुनेचा व्हिडिओ कॉल येतो, रेंज फक्त ओट्याच्या टोकाला. लेकरू आजीला माय म्हणतं, फोनमधल्या आईला मम्मी. मम्मी दिसली की ते मोबाईल उलटा करून मागं बघतं.

रात्री बाजेची पट्टी सुटते आणि आजीच्या मनगटाला बांधली जाते, कारण लेकरू अंधारात उठून दाराकडं चालायला लागतं.