वॉट मिसाका: तीन सामने, सात गुण

हे ऑग्डेन. अमेरिकेच्या युटा राज्यातलं रेल्वेचं गाव. स्टेशनाबाहेर पडलं की समोर लागतो तो हा पंचविसावा रस्ता. विटांच्या या देखण्या इमारतींकडे बघून आज पटणार नाही, पण एके काळी दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि कुंटणखान्यांमुळे हा रस्ता पार बदनाम होता. इथेच मिसाका नावाच्या एका जपानी माणसाचं केस कापायचं दुकान होतं आणि दुकानाखालच्या तळघरात बिऱ्हाड. १९२३ साली जन्मलेला त्यांचा मुलगा वातारू याच रस्त्यावर वाढला. सगळे त्याला वॉट म्हणत. हाच पुढे बास्केटबॉल गाजवणारा वॉट मिसाका.

वॉट पंधरा वर्षांचा असताना वडील गेले. मुलांना घेऊन हिरोशिमाला, नातेवाइकांकडे जावं असं आईच्या मनात होतं. वॉट अडून बसला. तुम्ही जा, मी इथेच राहणार. शेवटी आईही राहिली आणि दुकान तिने स्वतः चालवलं.

आता हे उजाड माळरान बघा. हेही युटाच. जागेचं नाव टोपाझ. तारेचं कुंपण, खडी टाकलेल्या वाटा, बराकींच्या खुणा. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावून अशा छावण्यांमध्ये डांबलं गेलं. त्यांतले बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते. ऑग्डेन त्या हद्दीबाहेर, म्हणून मिसाका कुटुंब वाचलं. टोपाझमध्ये माणसं कुंपणाआड होती त्याच वर्षांत, त्याच राज्यात, मिसाका युटा विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळत होते.

संघाच्या या फोटोत त्यांना शोधावं लागत नाही. उंची ५ फूट ७ इंच. संघही काही नावाजलेला नव्हता, बहुतेक आसपासचीच कोवळी पोरं. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या एनआयटी या विद्यापीठ संघांच्या स्पर्धेत केंटकीने त्यांना पहिल्याच सामन्यात हरवलं. तेवढ्यात, एनसीएए या विद्यापीठ संघांच्याच दुसऱ्या स्पर्धेत खेळणार असलेल्या अर्कान्सॉ संघाच्या खेळाडूंना मोटार अपघात झाला. तो संघ बाहेर पडला आणि त्यांची जागा युटाला मिळाली. कॅन्सस सिटीला जाऊन मिझुरीला हरवलं, आयोवा स्टेटला हरवलं आणि पोरं परत न्यूयॉर्कला आली, आता अंतिम सामना खेळायला. हे जुनं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्कचं बंदिस्त क्रीडागृह. २८ मार्च १९४४. समोर डार्टमथ. बरोबरी झाली, जादा वेळ द्यावा लागला आणि अगदी शेवटच्या क्षणी हर्ब विल्किन्सनचा चेंडू जाळ्यात पडला. ४२–४०. युटा विजेता.

घरी परतल्यावर मिसाकांच्या हाती पडलं ते सैन्यभरतीचं पत्र. युद्ध संपल्यावर सैन्याने त्यांना जपानला धाडलं, तेही हिरोशिमाला. बॉम्बहल्ल्याच्या परिणामांची पाहणी चालू होती आणि तिथल्या लोकांशी बोलण्याचं काम त्यांच्याकडे आलं. ज्या शहरात आई त्यांना नेणार होती, त्याचीच ही छायाचित्रं.

१९४७. पुन्हा गार्डन, पुन्हा केंटकी, या वेळी एनआयटीचा अंतिम सामना. केंटकीच्या राल्फ बिअर्डची त्या काळी देशभर ख्याती होती. त्याला अडवायची कामगिरी मिसाकांवर. ते त्याला असे चिकटले की सबंध सामन्यात बिअर्डच्या नावावर एकच गुण लागला, तोही फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीवर. युटा ४९, केंटकी ४५.

त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने त्यांना निवडलं. जपानशी युद्ध संपून दोन वर्षं होतात न होतात, आणि निक्सच्या जर्सीत हा जपानी वंशाचा खेळाडू. अमेरिकेतल्या ज्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगला आज आपण एनबीए म्हणतो तिचं तेव्हाचं नाव बीएए. एनबीए स्वतःचा इतिहास १९४६ पासून मोजते. त्या हिशेबाने लीगमधला पहिला गौरेतर खेळाडू वॉट मिसाका. अर्ल लॉइडसारखे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आले १९५० मध्ये. त्यांचं नाव घेतलं जातं ते योग्यच आहे. मिसाकांचंही तितक्याच ठळकपणे घ्यायला हवं.

तीन सामने, सात गुण. मग निक्सने त्यांना सोडलं. बास्केटबॉलचे करमणुकीचे खेळ करत फिरणाऱ्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघाकडून विचारणा झाली, ती नाकारून ते युटाला परतले, शिक्षण पुरं केलं आणि इंजिनिअर म्हणून नोकरी केली. २०१९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. युटा विद्यापीठाने त्यांची २० क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त केली, पण ती २०२२ मध्ये.